पाठवता, पण बसवणार कुठे?

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्याकडे शिफारसपत्रं मागणाऱ्यांची रीघ लागते. वीसेक वर्षं पत्रकारितेच्या विभागात शिकवतो आहे. पत्राचा मसुदा आता तोंडपाठ झालाय. पूर्वी मुलं वार्ताहर व्हायला निघत. आता दर वर्षी एक-दोघं तरी म्हणतात, ‘सर, बाहेर जाऊन न्यू मीडियात पीएचडी करायचीय, प्राध्यापक व्हायचंय.’ पत्र मी आनंदानं देतो. पण या मुलांना विमानात बसवून देणारी आणि परत आल्यावर दारात अडवणारी व्यवस्था एकच आहे, हे कुणीतरी मांडायला हवं.

१. नवं माध्यम शिकायला समुद्र ओलांडणं ही आजची टूम नाही. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले. दोनेक आठवड्यांत त्यांनी सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत सिनेमा कसा घडतो ते पाहिलं, विल्यमसन कॅमेरा घेण्याची व्यवस्था केली आणि ते परतले. पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्यांच्याकडे समकक्षतेचं प्रमाणपत्र कुणी मागितलं नाही, हे आपलं नशीब.

२. ‘इन्स्टाग्राम काय वर्गात शिकवायचं असतं?’ हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत हमखास येतो. उत्तर म्हणून मी लेव मानोविच यांचं नाव सांगतो. मॉस्कोत वाढलेला हा माणूस अमेरिकेत गेला आणि २००१ मध्ये त्यानं ‘द लँग्वेज ऑफ न्यू मीडिया’ लिहिलं. विषय संगणकाचा, पण पुस्तक सुरू होतं ते झिगा व्हर्टोव्हच्या १९२९ च्या सोव्हिएत मूकपटापासून. म्हणजे परक्या देशात बसून त्यानं ओळखीचा सिनेमा पुढ्यात घेतला आणि त्यातून साऱ्या जगाच्या कामाचं शास्त्र मांडलं. आपली मुलंही तेच करू पाहतात. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जात कशी बोलते, कीर्तनाचं यूट्यूबवर काय होतं, ऊसतोड कामगाराच्या फोनमध्ये काय असतं, असे त्यांचे विषय आहेत. घरचा मजकूर आणि बाहेरची पद्धत यांची ही सांगड आहे.

३. इथेच पहिली आडकाठी येते, आणि ती मला सर्वांत लागते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती ही अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. जागा १२५. २०२२ मध्ये तिच्या नियमांत एक ओळ आली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे संशोधनविषय चालणार नाहीत. कारण असं दिलं गेलं की या विषयांची साधनं भारतातच भरपूर आहेत, त्यासाठी परदेश कशाला?

साधनं आहेत, कबूल. पण संशोधन फक्त साधनांवर होत नाही. त्याला चार वर्षांची निर्वेध फुरसत लागते, भांडणारा मार्गदर्शक लागतो, आपल्या गावाकडे जरा लांबून पाहता येईल असं अंतर लागतं. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचविशीतल्या एका विद्यार्थ्यानं भारतातल्या जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. त्या विद्यार्थ्याचं नाव भीमराव आंबेडकर. २०२२ चा नियम तेव्हा असता, तर या विषयाला शिष्यवृत्तीच्या अर्जातच फुली बसली असती. ज्यांच्या वाट्याला जात आली त्यांनीच तिचा अभ्यास परदेशात करू नये, असं सांगणारा नियम सामाजिक न्यायाच्या खात्यातून निघावा, याला काय म्हणावं?

४. दुसरी आडकाठी क्रमवारीची. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार परदेशी पीएचडी असलेल्याला नेट-सेटशिवाय सहायक प्राध्यापक होता येतं, पण ते विद्यापीठ क्यूएस, टाइम्स किंवा शांघाय यांपैकी एका जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये असायला हवं. वरवर नियम ठीक वाटतो. पण नवमाध्यमांचं बरंच चांगलं काम छोट्या, एकाच शाखेच्या कला-संस्थांमध्ये चालतं. लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट कला आणि अभिकल्पाच्या विषयवार क्रमवारीत वर्षानुवर्षं पहिलं येतं. विद्यापीठांच्या एकूण क्रमवारीत मात्र त्याचं नावच नसतं, कारण ती यादी अनेक विद्याशाखा असलेल्या विद्यापीठांची असते. म्हणजे विषयात जगात पहिला आलेला इथे नापास.

माझी एक विद्यार्थिनी युरोपातल्या अशाच एका संस्थेतून पीएचडी घेऊन आली. मुलाखतीत तिच्या प्रबंधाचं शीर्षकही कुणी वाचलं नाही. ‘नेट कुठाय?’ एवढाच प्रश्न. नेटच्या विषयांत ‘नवमाध्यमं’ असा स्वतंत्र विषय नाही, ‘जनसंवाद आणि पत्रकारिता’ आहे. ती परीक्षेला बसली, उत्तीर्णही झाली. तोवर दोन वर्षं गेली आणि ती एका जाहिरात कंपनीत लागली. पगार उत्तम आहे, तिची तक्रार नाही. माझी आहे.

५. आता परत येण्याचं. आंबेडकर १९१३ मध्ये गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत येऊन बडोद्याची दहा वर्षं चाकरी करण्याचा करार. करार पाळायला ते १९१७ मध्ये बडोद्यात आले, तर राहायला जागा मिळेना. नाव लपवून पारशी सरायीत उतरले, तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन हुसकावलं. पाठवणाऱ्या महाराजांचं मन मोठं होतं. परतणाऱ्याच्या जागेचा विचार मात्र कुणी केलेला नव्हता.

दोन्ही काळ सारखे नाहीत, हे मला कळतं. पण हिशेबातली चूक तीच आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दर वर्षी अनुसूचित जातींतल्या ७५ जणांना बाहेर पाठवते. चांगलीच गोष्ट आहे, ती संख्या वाढायला हवी. पण परतणाऱ्यापुढे काय वाढून ठेवलेलं असतं? तासिका तत्त्व. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. यूजीसीनं २०१९ मध्ये अतिथी अध्यापकासाठी सुचवलेली मर्यादाच तासाला १५०० आणि महिन्याला ५०,००० ची. तीही हातात पडणारा तासिकेवरचा माणूस मला अजून भेटायचाय. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणजे पैसे नाहीत.

अनुभवी व्यावसायिकांना शिकवता यावं म्हणून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट २०२२ मध्ये उघडली, पीएचडीची अट नाही. पण तिला १५ वर्षांचा अनुभव लागतो. तिशीतल्या संशोधकाला ती उपयोगाची नाही.

६. निघणाऱ्या मुलांना दोन शब्द. एका वर्षाच्या एमएसाठी वडिलांची जमीन गहाण टाकू नका. नुसत्या त्या पदवीनं प्राध्यापक होता येत नाही. नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुधा पगारी नोकरी असते. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही (बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये आपल्यासारख्यांना सत्राला १५०० युरो पडतात). अमेरिकेत वेळ जास्त लागतो, पण तिथे पीएचडी करतानाच वर्ग घ्यायला मिळतात, आणि शिकवायला शिकणं हेही शिक्षणच आहे.

७. ‘हे सगळं इथेच का नाही?’ असं विचारणाऱ्यांशी माझं अर्धं एकमत आहे. दिल्लीत सीएसडीएस या संशोधन संस्थेनं २००० साली ‘सराय’ हा उपक्रम सुरू केला. शहर आणि माध्यमं यांवर तिथे काम झालं, अॅमस्टरडॅमच्या वाग संस्थेशी देवाणघेवाण झाली, आणि हिंदीतून ‘दीवान-ए-सराय’ही निघालं. घरी ठिकाण असलं की परदेश हा मुक्काम राहत नाही, येणंजाणं होतं. मराठीला असं ठिकाण हवं.

त्यासाठी नवी इमारत बांधायची गरज नाही. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या, त्यांची ही भूमी. आजचा नवमाध्यमांचा अभ्यासक फोनच्या पडद्यावर तेच करतो. तिथे मराठी नवमाध्यमांचं एक अध्यासन आणि त्यावर तीन पूर्णवेळ, कायम पदं काढा. परदेशी पीएचडी तपासताना एकूण क्रमवारीसोबत विषयवार क्रमवारीही धरा. शाहू शिष्यवृत्तीवरून परतणाऱ्याला राज्यातल्या एखाद्या विद्यापीठात दोन वर्षांची पूर्ण पगाराची संशोधनवृत्ती द्या. आणि २०२२ ची ती ओळ काढायला केंद्राला लेखी कळवा.

यातली पहिली आणि तिसरी मागणी राज्याच्याच हातात आहे. येत्या अधिवेशनाआधी आपापल्या आमदाराला एक पत्र लिहा. त्यात एवढंच विचारा: गेल्या दहा वर्षांत आपण बाहेर पाठवलेल्यांपैकी आज आपल्या विद्यापीठांत किती जण शिकवतात?