इथेनॉल स्वच्छ, मग नदी काळी का?



इथेनॉलला ‘प्रदूषणमुक्त इंधन’ म्हणणारे पत्र वाचले. इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हाती पैसा लवकर येतो, हे ऊस उत्पादक म्हणून मलाही मान्य आहे. पण ‘प्रदूषणमुक्त’ म्हणताना लेखकाने फक्त गाडीचा धूर पाहिला. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. मळीपासून लिटरभर इथेनॉल काढताना साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश (डिस्टिलरीचे सांडपाणी) निघतो. काळपट तांबडा, उग्र वासाचा. तो आटवून जाळायचा किंवा प्रेसमडमध्ये (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात) मुरवून खत करायचे, थेंबही नदीत सोडायचा नाही, असा दंडक आहे. तरीही मळीमिश्रित पाणी आणि काठाशी तोंड वर काढून तडफडणारे मासे पंचगंगाकाठाने वारंवार पाहिले आहेत. शिरोळ तालुक्यात उसाला दिलेल्या जादा पाण्याने क्षारपड झालेली रानेही याच हिशेबात धरायला हवीत.

डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या तपासणीचे अहवाल नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. पत्रलेखकांनीही ही मागणी आमच्याबरोबर करावी, ही विनंती.

– एक ऊस उत्पादक, हुपरी