रसनेवर खापर कशाला?



हल्ली सप्ताहात हशा हवा म्हणून समोर बसलेल्या एखाद्या लठ्ठ माउलीकडे बोट दाखवण्याची चाल पडली आहे. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणायचे, मंडप हसवायचा आणि मग जिभेच्या चोचल्यांवर अर्धा तास झोडपायचे. मागे विणेकरी उभा असताना हे शोभत नाही, आणि ते खरेही नाही.

चोचले पुरवणारा माणूस चवीने खातो, चार जणांत बसून वाखाणतो. ज्याचे खाणे हाताबाहेर गेले आहे, तो घर निजल्यावर डबे उघडतो. भूक नसताना, भराभर, पोट दुखेपर्यंत खातो. चव विचाराल तर सांगता येत नाही. मग स्वतःचीच किळस येते. यात रसना कुठे आली? घरातला रोजचा अपमान, गेलेले मूल, गिळलेला राग, यांना घटकाभर गुंगी आणायला तो घास असतो. गुंगी उतरली की दुःख जागच्या जागी, वर लाज. आणि ती लाजच पुन्हा डब्याकडे नेते. त्या लाजेत मंडपातल्या हशाची भर घालून बुवा काय साधतात?

वैद्यकाला हे ठाऊक आहे. डॉ. आल्बर्ट स्टंकार्ड यांनी अमेरिकेत १९५९ साली लठ्ठ रुग्णांमधले असे खाणे नोंदवले. २०१३ साली तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तो स्वतंत्र विकार मानला. प्रत्येक लठ्ठ माणसाला तो नसतो. अनुवंश, औषधे अशी कारणे निराळी. उलट सडपातळ माणसालाही तो होतो. अंग पाहून निदान करणारे बुवा दोन्हीकडून चुकतात.

‘कडक उपास करा’ हा त्यांचा दुसरा उपाय. अहो, दिवसभर कोंडलेली भूक रात्री दार तोडून बाहेर येते! गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या सोळाव्या श्लोकात भगवंतांनी अति खाणाऱ्याबरोबर मुळीच न खाणाऱ्यालाही योग साधत नाही असे सांगितले आहे. बुवा अर्धाच श्लोक सांगून पुढे का पळतात? एकादशी हे व्रत आहे, लठ्ठपणाची शिक्षा नव्हे.

कोणी म्हणेल, नाम घ्या, सगळे सुटेल. नाम घ्यावेच. पण ज्ञानोबाराय लोकांच्या बोलण्याने दुखावून ताटी लावून बसले, तेव्हा मुक्ताईने त्यांना हिणवले नाही. ताटीपाशी उभी राहून विनवत राहिली. आपल्या दिंडीतली कितीतरी माणसे आज ताटीआड बसली आहेत. त्यांचे दुःख ऐकायला कोण थांबते? मनाच्या डॉक्टरकडे जाताना त्यांच्याबरोबर एसटीत कोण बसते?

येत्या सप्ताहात पंगतीला कोणाच्या पत्रावळीवर बोलू नका, आणि नको म्हणणाऱ्याच्या पानात आग्रहाची बुंदीही वाढू नका. बुवांचा विनोद कोणाच्या अंगावर घसरला, तर टाळकऱ्यांनी सरळ ‘विठोबा रखुमाई’चा गजर सुरू करावा. बुवांना थांबावेच लागेल.