आधी नकाशा, मग नाव

मॉडेल रेल्वेच्या छंदात एक वेगळी भागीदारी असते. चार-सहा जण आपापल्या तळघरात किंवा गॅरेजमध्ये छोटे रूळ टाकतात आणि असे मानतात की हे सगळे रूळ एकाच काल्पनिक कंपनीचे आहेत. मग त्या कंपनीला नाव हवे, आणि बहुतेकांना वाटते की सुरुवात तिथूनच करावी. मला हे चुकीचे वाटते. कंपनी कुठून कुठे जाते, काय वाहते आणि कोणत्या काळातली आहे, हे ठरल्याशिवाय नावाला हात घालू नये. आणि नाव निवडताना कुणा एकाच्या आवडीपेक्षा सगळ्यांच्या भूगोलाला मान द्यावा. कारण हे नाव दारावरच्या पाटीपुरते राहत नाही. उत्तर अमेरिकेत मालगाडीच्या प्रत्येक वाघिणीवर मालकाची दोन ते चार अक्षरांची खूण असते. शेवटचे अक्षर ‘एक्स’ असेल तर ती वाघीण रेल्वे कंपनीची नाही, खाजगी मालकाची आहे, हे यार्डातल्या माणसाला कळते. छंदातही हीच पद्धत पाळतात. म्हणजे एकाने रंगवलेली वाघीण दुसऱ्याच्या यार्डात उभी राहते, तेव्हा तिच्यावरचे नाव त्या दुसऱ्यालाही आपले वाटले पाहिजे.

खऱ्या कंपन्यांची नावे पाहिली की ती कशी घडतात ते दिसते. ‘बाल्टिमोर अँड ओहायो’ला १८२७ मध्ये सनद मिळाली, तेव्हा रूळ कुठेच नव्हते, बंदर कोणते आणि गाठायची नदी कोणती, एवढे नावात होते. आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. अंतर अवघे ३४ किलोमीटर, आणि कंपनीचे नाव ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’! पण तो पोकळ डौल नव्हता. १८७० मध्ये ती जबलपूरला पूर्वेकडच्या मार्गाला आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या मार्गाला जाऊन मिळाली. सगळ्यांचे असे जमले नाही. ‘टेक्सस अँड पॅसिफिक’ पॅसिफिक महासागरापर्यंत कधीच पोहोचली नाही. ‘ॲचिसन, टोपेका अँड सांता फे’ या बलाढ्य कंपनीचा मुख्य मार्ग सांता फे शहराला वळसा घालून गेला. शहराच्या वाट्याला १८८० मध्ये लेमीहून एक फाटा आला, तेवढाच. मला ही नावे सर्वांत मोलाची वाटतात. भांडवलदारांना दिलेले वचन, वाटेत आडवे आलेले डोंगर आणि अर्धवट राहिलेला बेत हे सगळे त्यांत साठलेले आहे. काल्पनिक कंपनीच्या नावातही असा इतिहास मावू शकतो. पण कंपनीला कुठे जायचे होते आणि ती कुठे अडली, हे आधी कुणीतरी ठरवलेले असले पाहिजे.

अनेकांनी मिळून हे कसे साधावे याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘ॲपलॅचियन लाइन्स’. ओहायोतल्या डेटनचे ॲलन मॅक्लेलंड यांची ‘व्हर्जिनियन अँड ओहायो’, टोनी कोस्टर यांची ‘ॲलेघेनी मिडलंड’ आणि स्टीव्ह किंग यांची ‘व्हर्जिनिया मिडलंड’ या तीन काल्पनिक कंपन्या या नावाखाली एकत्र आल्या. जमवून घेणे शक्य झाले, कारण तिघांचा डोंगराळ मुलूख एकमेकांना लागून होता. पर्वतरांगेचे नाव कुणा एकाचे नसते, म्हणून ते तिघांचे होऊ शकले. खऱ्या जगात याला आधारही होता. १९७० च्या दशकात ‘चेसी सिस्टिम’ हे नाव इंजिनांवर झळकू लागले, तरी त्याखालच्या ‘चेसापीक अँड ओहायो’, ‘बाल्टिमोर अँड ओहायो’ आणि ‘वेस्टर्न मेरीलंड’ यांची स्वतःची खूण गाड्यांवर टिकून राहिली. वर एक छत्र आणि खाली प्रत्येकाचे जुने नाव, ही रचना मला सामायिक कंपनीसाठी सर्वांत न्याय्य वाटते. नवा सदस्य आला तर तो आपली शाखा घेऊन येतो, त्याला आपले नाव पुसावे लागत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हा खेळ आहे, गमतीचे नाव ठेवले तर काय बिघडले? कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या जॉन ॲलन यांच्या ‘गॉरी अँड डॅफीटेड’चा दाखला इथे हमखास दिला जातो. हे नाव उच्चारले की ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द ऐकू येतात, आणि तरीही ती या छंदातल्या सर्वांत गाजलेल्या रेल्वेंपैकी एक ठरली. दाखला खरा आहे. पण ते विश्व एका माणसाच्या प्रतिभेचे होते. कोटी त्याची आणि डोंगरही त्याचेच. सहा जणांच्या कंपनीत एकाचा विनोद बाकी पाच जणांना वर्षानुवर्षे आपल्या वाघिणींवर लिहावा लागतो. कल्पनेला खऱ्या खुंटीचा आधार दिला तर ती किती टिकते, हे रेव्हरंड ऑड्री यांनी दाखवले. ‘सोडोर अँड मॅन’ या धर्मप्रांताच्या नावातले मॅन बेट नकाशावर आहे, सोडोर मात्र नाही, हे त्यांनी हेरले आणि थॉमस इंजिनाच्या गोष्टींसाठी ते बेट आयरिश समुद्रात वसवले. पुढे भाऊ जॉर्ज यांच्यासह त्यांनी त्या बेटाचा भूगोल आणि इतिहास इतक्या बारकाईने रचला की १९८७ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक निघाले.

दुसरा आक्षेप असा की सरळ खऱ्या कंपनीचेच नाव का घेऊ नये? जरूर घ्यावे. स्वतः कोस्टरही पुढे खऱ्या ‘निकेल प्लेट’कडे वळले. पण मग प्रत्येक वाद जुन्या कागदपत्रांपाशी जाऊन संपतो, आणि एकत्र मिळून रचण्याचा आनंद त्या प्रमाणात कमी होतो. मतदान हा उपायही मला पटत नाही. पाच विरुद्ध चार अशा मतांनी निवडलेले नाव हरलेले चौघे मनापासून रंगवणार नाहीत. मार्ग आणि माल ठरला की योग्य नावे दोन-तीनच उरतात, आणि त्यांतले कोणतेही सगळ्यांना चालते.

महाराष्ट्रात अशी मंडळी जमली तर साहित्याची वाण नाही. १८९७ ची अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे होती, वऱ्हाडातला कापूस वाहणारी ‘शकुंतला’ होती. पहिल्या बैठकीत नावांची यादी करू नका. भिंतीवर नकाशा लावा, कापूस कोणत्या जिनिंगमधून निघून कोणत्या बंदराला जाणार ते ठरवा, घाट कुठे लागतो ते पाहा, आणि नाव तिसऱ्या-चौथ्या बैठकीसाठी राखून ठेवा.