उंच लाथ की उपयोगी लाथ?

गेल्या काही वर्षांत शाळाशाळांतून कराटे व तायक्वांदो यांचे वर्ग निघाले आहेत. सरकारी शाळांतील मुलींसाठी तर राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने आत्मरक्षणाचे शिक्षण देण्याची योजनाच आहे. ही गोष्ट सर्वथा स्वागतार्ह होय. परंतु या वर्गांत शिकलेल्या विद्येचे प्रदर्शन स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर होते, तेव्हा टाळ्या कशाला पडतात? डोक्याच्याही वर गेलेल्या लाथेला, हवेत घेतलेल्या गिरकीला. मग पाहणाऱ्या बालमनात असा समज रुजतो की, संकट आले असता हीच लाथ आपले रक्षण करील. हा समज घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्याची कारणे विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावीत, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम लाथेचे बळ कशात आहे ते पाहू. माणसाच्या एका पायाचे वजन त्याच्या देहाच्या सुमारे सहाव्या हिश्शाइतके असते. हाताचे जेमतेम विसाव्या हिश्शाइतके. मांडीचे स्नायू शरीरातील बळकट स्नायूंपैकी होत, आणि पाय हातापेक्षा लांबही पोहोचतो. म्हणून अशक्त मुलाच्या किंवा मुलीच्या हातून न होणारे काम तिच्या पायाने होऊ शकते. पण निसर्ग काहीही फुकट देत नाही. लाथ मारताना आपण एका पायावर उभे असतो. पाय जितका वर जाईल तितका तोल नाजूक होतो, लाथ पोहोचण्यास वेळ अधिक लागतो आणि समोरच्याला ती आधीच दिसते. तालमीत जाणाऱ्या मुलांना हे निराळे सांगायला नको. कुस्तीत पट काढण्यासाठी मल्ल प्रतिपक्षाचा पाय हाती लागण्याची वाट पाहत असतो. उंच लाथ म्हणजे त्याला आयता पट देणेच होय!

मग स्पर्धांत उंच लाथा का मारतात? कारण तेथील नियमच तसे आहेत. तायक्वांदोच्या सामन्यात कमरेखाली लाथ मारण्यास बंदी आहे आणि छातीवरील लाथेपेक्षा डोक्यावरील लाथेला अधिक गुण मिळतात. तेथे पायाखाली मऊ गादी, अंगावर कवच आणि मध्ये पंच असतो. खेळ म्हणून ते थोरच आहे. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून त्याला पदकांचा मान आहे. परंतु जी लाथ स्पर्धेत वर्ज्य, तीच रस्त्यावर बहुधा उपयोगी, हा भेद विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही. जुन्या ओकिनावी कराटेत लाथा बहुतेक कमरेखालीच असत. उंच लाथांचा बोलबाला पुढे सामन्यांबरोबर वाढला.

आता आपल्या उज्जयिनीचाच विचार करा. रामघाटाच्या ओल्या पायऱ्यांवर एका पायावर उभे राहून गिरकी घेणारा स्वतःच क्षिप्रेत जाईल. श्रावणात महाकाळाची सवारी निघते तेव्हा खांद्याला खांदा लागलेला असतो. तेथे पाय उचलायलाच जागा नसते. २०२८ सालच्या सिंहस्थात तर याहून मोठा जनसागर येथे लोटेल. गोपाळ मंदिराच्या आसपासच्या गल्ल्यांतून पाठीवर दप्तर व पायात चपला घालून जाणाऱ्या मुलीला, किंवा साडी नेसलेल्या तिच्या आईला, रंगमंचावरची लाथ काय कामाची?

मग कोणत्या लाथा शिकाव्यात? माझ्या मते चार पुरेत.

पहिली, नडगीवरची. नडगीच्या हाडावर स्नायूंचे आवरण नाही, कातडी लगेच हाडाला भिडते. म्हणून तेथील आघात मोठ्या माणसालाही थांबवतो. पाय गुडघ्याच्या खालीच राहत असल्यामुळे तोल जात नाही, आणि हाताने धरला जाण्याची भीतीही थोडी. दुसरी, टाचेची. कोणी मागून मिठी घातली तर टाच त्याच्या पायाच्या पंजावर जोराने आदळावी. यासाठी जागा लागत नाही, उंची लागत नाही. तिसरी, ढकलण्याची. गुडघा पुढे उचलून संपूर्ण तळपायाने समोरच्याच्या मांडीवर किंवा कमरेवर रेटा द्यावा. येथे हेतू इजा करण्याचा नसून अंतर मिळविण्याचा आहे. चौथी खरे पाहता लाथ नव्हेच. माणूस अगदी अंगाशी आला असता गुडघाच वर मारावा.

या चारही प्रकारांना काही नियम सारखेच लागू आहेत. बोटांनी लाथ मारू नये. पाय अनवाणी असला, किंवा नुसती चप्पल असली, तर बोटेच मोडतात. चवड्याने, तळव्याने अथवा टाचेने मारावी. पाय गेला तसा झटकन परत घ्यावा. हात चेहऱ्यापुढे असू द्यावेत आणि तोंडाने मोठ्याने ओरडावे. गुडघ्याच्या सांध्यावर मात्र लाथ मारण्यापूर्वी विचार करावा; तो सांधा निकामी झाला तर माणूस जन्माचा अधू होतो. प्राणावरच बेतले असेल तरच ते क्षम्य.

आणि लाथ बसल्यावर? पळावे! यात लाज कसली? १६६६ साली शिवछत्रपती आग्र्याहून निसटले, त्याला कोणी भ्याडपणा म्हटले काय? शिर सलामत तर पगडी पचास. दुसऱ्या लाथेच्या मोहाने जो थांबतो, तो पहिल्या लाथेने मिळविलेली संधी गमावतो. म्हणून आत्मरक्षणाच्या वर्गात लाथेइतकाच धावण्याचा सराव झाला पाहिजे.

कोणी म्हणतील, लाथा शिकवून मुले दांडगट होतील. ही शंका अनाठायी नाही, आणि तिचे उत्तर शिक्षणातच आहे. १९२२ साली ओकिनावाहून टोकियोला जाऊन ज्यांनी कराटेचा प्रसार केला, त्या फुनाकोशी गुरुजींनी पहिला वार आपला नसावा, असेच शिष्यांना बजावले होते. आपला कायदाही याहून वेगळे सांगत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आत्मरक्षणाचा हक्क मान्य केला आहे; पण रक्षणासाठी जेवढी आवश्यक तेवढीच इजा करता येते, असे ३७ वे कलम बजावते. मैदानावरच्या भांडणात वर्गबंधूला मारलेली लाथ आत्मरक्षणात बसत नाही. चाणूराला चीत करून आलेल्या श्रीकृष्णालाही याच नगरीत सांदीपनींच्या आश्रमात विद्यार्थी म्हणून राहावे लागले, ही पुराणकथा आपण लहानपणापासून ऐकतो. बळाला विद्येची आणि विनयाची जोड हवी, हाच तिचा मला दिसणारा अर्थ.

उंच लाथेचा मी वैरी आहे, असे मात्र समजू नये. तिने कंबर लवचिक होते, तोल सुधारतो. त्या दृष्टीने आपल्या घरचा मल्लखांब तर अमोल आहे. पेशवाईच्या अखेरीस बाळंभट्टदादा देवधरांनी ज्याला नवजीवन दिले, त्या मल्लखांबाला मध्य प्रदेशाने २०१३ साली राज्यक्रीडेचा मान दिला, आणि २०२० साली उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना त्यासाठीच द्रोणाचार्य पुरस्कार लाभला. अंग कमावण्यासाठी मल्लखांबावर चढा, खेळ म्हणून उंच लाथही मारा. पण संकटाच्या वेळी तिच्यावर विसंबू नका.

शेवटी एक गोष्ट विशेषतः मुलींना व त्यांच्या आईवडिलांना सांगावीशी वाटते. त्रास देणारा नेहमी अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूसच असतो असे नाही. पुष्कळदा तो ओळखीचा, नात्यातला, मान असलेला असतो. तेथे मुलीचा पाय उचलतच नाही, कारण तो भीडेने बांधलेला असतो. अशा वेळी आईला, बाईंना, गुरुजींना सांगणे, १०९८ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागणे, हेच खरे आत्मरक्षण होय. पण मुलीने सांगितले तर तिच्यावर विश्वास ठेवणारे घर हवे. तिलाच दोष देऊन गप्प बसविणाऱ्या घरात कोणतीही लाथ उपयोगी पडणार नाही.

म्हणून शाळांना माझी विनंती आहे की, पुढील स्नेहसंमेलनात एखादी गिरकी कमी दाखवावी; पण त्याऐवजी एखाद्या लहान मुलीने मिठी सोडवून घेतली, नडगीवर लाथ मारली, ओरडली आणि धावत सुटली, एवढे तरी दाखवावे. आणि पालकांनी टाळ्या वाजवायच्या त्या तेथे वाजवाव्यात.