एक फोन न केलेला

परवा शनिवारी गावी, वरवे बुद्रुकला होतो. दुसऱ्या दिवशी पुतण्याची कबड्डीची मॅच. जेवताना दादा सुरू, "चढाईत घाई करू नको. मागच्या वेळी काय झालं, आठवतंय ना?" पोराचा घास हातातच.

मला स्वप्नील कुसाळे आठवला. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत ब्राँझ. कांबळवाडीचे त्याचे शिक्षक वडील नंतर म्हणाले, खेळावर लक्ष राहावं म्हणून आदल्या दिवशी आम्ही फोनच केला नाही. पोरगा ऑलिंपिक फायनलला, अन् घरचे गप्प! मला तर जमलं नसतं बुवा. पण रिलीजच्या आदल्या रात्री मॅनेजर डोक्यावर उभा राहिला, तर आपला तरी कोड सुधारतो का?

दादाला म्हटलं, "डबा दे, वेळेवर पोचव. डावपेच कोच बघतील."

"आणि हरला तर?"

"येताना हायवेला मिसळ खाऊ घाल. मॅचचा विषय त्याने काढला तरच बोल."