घसारा

ज्योतिषी आणि लॅपटॉप दुरुस्त करणारा, या दोघांनी गिऱ्हाइकाला घाबरवल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, असा काहीतरी नियम असावा. लॅपटॉप सुरू होत नाही म्हणून नेला, की काउंटरपलीकडचा पोरगा तो न उघडताच म्हणतो, "काका, मदरबोर्ड गेला!" 'काका' ऐकून आपण निम्मे खचतो, उरलेले मदरबोर्डने. मग तो आकडा सांगतो. तो ऐकल्यावर नवाच घ्यावा असे वाटू लागते, आणि तसे वाटावे यासाठीच तो आकडा असतो.

हा धंदा आपल्या घाबरटपणावर चालतो, असे माझे स्पष्ट मत आहे. मी पडलो बँकेतला कारकून. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण हिशेबात फरक आला म्हणून आम्ही शाखेला कुलूप लावत नाही; एकेक नोंद तपासतो. तोच न्याय इथे लावा. आधी भिंतीतला प्लग : त्यात टेबललॅम्प लावून बघा. मग अ‍ॅडॉप्टर : ६५ वॅट मागणाऱ्या लॅपटॉपला मोबाइलचा २० वॅटचा चार्जर लावणे म्हणजे पुरणपोळीच्या पंगतीत पाहुण्याला बडीशेपेवर उठवणे. मग सगळ्या वायरी काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा अ‍ॅडॉप्टर जोडा. कित्येक 'मयत' लॅपटॉप एवढ्यावर उठून बसतात. आणि चार्जिंग ८० टक्क्यांवर अडत असेल, तर तो बहुधा बिघाडच नव्हे. बॅटरी टिकावी म्हणून बऱ्याच कंपन्यांनी तशी सोय ठेवलेली असते.

बॅटरी म्हातारी होते, हे मान्य. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली, तिच्या जनकांपैकी तिघांना २०१९ साली नोबेल मिळाले. पण नोबेलने बॅटरीचे आयुष्य वाढत नाही. साधारण ३०० ते ५०० फेऱ्यांत तिची ताकद ८० टक्क्यांवर येते. उष्णता आणि सदैव तुडुंब भरलेले पोट तिला आणखी लवकर थकवते. आम्ही बी.कॉम.वाले यालाच घसारा म्हणतो. विंडोजला 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' असा हुकूम सोडा, बॅटरीचे पासबुकच हातात येते : मूळ क्षमता किती, आता शिल्लक किती.

माझा खरा राग पुढेच आहे. पंख्याचा कपॅसिटर गेला म्हणून कोणी पंखा भंगारात देत नाही. पूर्वी लॅपटॉपची बॅटरीसुद्धा खालची खटकी सरकवली की हातात यायची. आता ती स्क्रूंच्या, कधी चक्क डिंकाच्या कैदेत! का, तर म्हणे लॅपटॉप सडपातळ हवा. युरोपियन संघाने २०२३ साली कायदाच केला, की काही अपवाद सोडता १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशी बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. आपल्याकडे २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचे सरकारी पोर्टल निघाले. उत्तमच झाले, फक्त ते बघायला चार्ज झालेला लॅपटॉप लागतो.

एक पथ्य मात्र पाळा. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर चार्जिंग बंद. टोचू नका, दाबू नका, मुकाट्याने जाणकाराकडे न्या. तिथे आपली हुशारी नको.

एरवी, "मदरबोर्ड गेला" म्हणणाऱ्याला एकच विचारा : "कशावरून?" आम्ही व्हाउचरशिवाय एक रुपया सोडत नाही; तुम्ही नुसत्या 'काका'वर वीस हजार का सोडता?