खारौसेक आणि 'हंगेरीचा आजार'

१८९६ च्या उन्हाळ्यात न्यूरेंबर्गला मोठी आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा भरली. ती जिंकली जगज्जेता इमॅन्युएल लास्कर याने. पण त्या स्पर्धेतला एक डाव तो २२ वर्षांच्या एका नवख्या हंगेरियन खेळाडूकडून हरला. रुडॉल्फ खारौसेकची ही पहिलीच मोठी स्पर्धा होती आणि तीही दुसऱ्याच्या बदली मिळालेली. १९ जणांत तो बारावा आला. तरीही 'किंग्ज गॅम्बिट'ने लास्करला दिलेल्या त्या धक्क्यामुळे युरोपभर त्याचे नाव झाले.

पुढची दोन वर्षे त्याचीच होती. त्याच साली बुडापेस्टमध्ये त्याने रशियाच्या चिगोरिनसह पहिला क्रमांक विभागून मिळवला. निर्णायक सामन्यात मात्र चिगोरिन सरस ठरला. १८९७ मध्ये बर्लिनची स्पर्धा त्याने एकट्याने जिंकली, १८९८ मध्ये कोलोनला दुसरे स्थान विभागून मिळवले. त्यानंतर त्याची मोठी स्पर्धा नाही. एप्रिल १९०० मध्ये बुडापेस्टजवळच्या नाग्यतेतेन्य गावी क्षयाने त्याचा मृत्यू झाला. वय २६.

बुद्धिबळाच्या पुस्तकांत खारौसेक भेटतो तो मुख्यतः एका आख्यायिकेतून. बिल्गुएरचा जाडजूड बुद्धिबळ-ग्रंथ विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून या पोराने तो अख्खा हाताने उतरवून काढला, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा फुगवलेली, ती सांगण्याची रीत ठरलेली आहे. आधी गरिबी, मग प्रतिभा, मग खोकला आणि शेवटी अकाली मृत्यू. जणू बुद्धीच्या ज्योतीने देह जाळला! गुस्ताव मायरिंकच्या 'गोलेम' या १९१५ च्या कादंबरीतही खारौसेक नावाचा एक गरीब, क्षयग्रस्त विद्यार्थी येतो. साहित्याला क्षय फार आवडे. आपल्याकडेही त्याला 'राजरोग' म्हणण्याची प्रथा होतीच.

वैद्यकाच्या दृष्टीने यात काव्य काहीच नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्येच दाखवला होता, तेव्हा खारौसेक आठ वर्षांचा होता. हा जंतू रुग्णाच्या खोकल्यातून हवेत पसरतो आणि कोंदट, गर्दीच्या खोलीत त्याचे फावते. शरीरात शिरल्यावर तो बहुतेकांमध्ये वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. शरीराची प्रतिकारशक्ती त्याला कोंडून ठेवते. मात्र पोटाला पुरेसे मिळाले नाही की हा पहारा ढिला पडतो. डोक्याला ताण देऊन कोणाला क्षय होत नाही. बुद्धिबळाला दोष द्यायचाच तर त्या काळच्या धुराने भरलेल्या कॉफीगृहांना देता येईल, कारण डाव तिथेच रंगत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हंगेरीत क्षयाचे प्रमाण इतके होते, की त्याला 'मोर्बस हंगारिकस' म्हणजे 'हंगेरीचा आजार' असेच नाव पडले होते. औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. हातात होते ते सकस अन्न, विश्रांती आणि मोकळी हवा. बुडापेस्टच्या टेकड्यांत फ्रिगेश कोरान्यी यांच्या प्रयत्नांतून क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम उघडले ते १९०१ मध्ये. खारौसेकला जाऊन तेव्हा एक वर्ष झाले होते. ते आधी असते तर तो वाचलाच असता, असे म्हणता येणार नाही. पण निरोगी आयुष्यात काय होऊ शकते, याचे उदाहरण त्याच्या शेजारीच होते. त्याचा समवयस्क आणि तोलामोलाचा प्रतिस्पर्धी गेझा मारोत्सी पुढे जगातल्या अव्वल खेळाडूंत गणला गेला आणि १९५१ पर्यंत जगला.

औषधे आल्यावर अन्नाचा प्रश्न मात्र मागे पडला, आणि त्यात भारताचाही वाटा आहे. १९५० च्या दशकात मद्रासला झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात, औषधे नियमित घेणारे रुग्ण घरच्या साध्या आहारावरही आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच बरे होतात, असे दिसले. निष्कर्ष मोलाचा होता, त्यामुळे लाखोंना घरी उपचार मिळाले. चूक झाली ती त्याचा अर्थ 'खाण्याने फरक पडत नाही' असा लावण्यात. आधीच आजारी पडलेल्याला औषध बरे करते. त्याच्या घरातली बाकीची माणसे आजारी पडू नयेत, याचे उत्तर त्या अभ्यासात नव्हते.

ते उत्तर झारखंडमधून आले. 'राशन्स' नावाच्या चाचणीत क्षयरुग्णांच्या घरच्यांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. संसर्ग पसरवणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयात तर ४८ टक्क्यांनी. डाळ-तांदळाने हे साधले!

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. रुग्णाला पोषणासाठी महिन्याला मिळणारी ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाली, हे चांगलेच झाले. पण ती रुग्णापुरती आहे. घरच्यांच्या अन्नाची टोपली अजून 'निक्षय मित्र' म्हणवणाऱ्या दात्यांवर सोपवलेली आहे. दाता मिळाला तर टोपली, नाहीतर नाही. लसीसाठी कोणी दाता शोधत बसत नाही. मग ३९ टक्के आजार टाळणाऱ्या डाळ-तांदळासाठी का शोधायचा? ही टोपली क्षय कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात, औषधांच्या शेजारच्या ओळीत असायला हवी.